वरचं लाल, खालचं हिरवं

दोन वर्षांपूर्वीच्या टेक-फेस्टची गोष्ट. पाहुण्यांना आणि व्हॉलंटिअर्सना पुष्पगुच्छ द्यायचे नाहीत, काहीतरी 'इको-फ्रेंडली' द्यायचं असं ठरलं. त्या मीटिंगला मी होतो आणि हात वर करणाऱ्यांतही होतो, हे आधीच कबूल करतो. मग टेम्पोतून निवडुंग आले. चहाच्या कपाएवढ्या पांढऱ्या कुंड्या, त्यांत बोटभर उंचीचा हिरवा तिधारी खांब आणि खांबाच्या डोक्यावर लालभडक, पिवळा नाहीतर गुलाबी गोळा. दिसायला एकदम झकास! ज्याला त्याला तो हवा होता. "याला पाणी लागत नाही, ऊन लागत नाही, आणि मरत तर अजिबात नाही," असं विकणाऱ्याने सांगितलं. तेच आम्ही माइकवरून सगळ्यांना सांगितलं.

आमच्या विंगमध्ये असे अठरा निवडुंग आले. जुलैच्या शेवटी, नवीन सेमिस्टर सुरू होऊन पाऊस लागल्यावर, मी सहज मोजले. चार उरले होते. बाकीचे जिन्याखालच्या कचऱ्याच्या पिंपात, कुंडीसकट. त्यातलाच एक माझा.

हा लेख त्या चौदा झाडांच्या वतीने आहे. यंदाच्या फेस्टची ऑर्डर अजून गेलेली नाही, म्हणून आत्ताच लिहितोय. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या झाडाबद्दल आपल्याला काडीची माहिती नाही ते शेकड्याने विकत घ्यायचं, वाटायचं आणि मारायचं, याला पर्यावरणप्रेम म्हणू नये. आणि तेच झाड आपण आपल्या होस्टेलच्या गच्चीवर, जवळजवळ फुकटात, स्वतः तयार करू शकतो. नुसतं तेच नाही, त्याहून भारी! कसं, ते सांगतो. पण आधी माझ्या झाडाचं काय झालं ते ऐका.

माझ्या निवडुंगाचा खालचा खांब पिवळा पडून मऊ झाला होता. दाबला तर बोट आत! वरचा लाल गोळा मात्र अजून टणक. मी तो पिंपात टाकला आणि वळलो, तर मागे माळीकाका उभे. त्यांनी काही न बोलता पिंपात हात घालून तो बाहेर काढला.

"का रं टाकलास?"

"मेलाय काका तो."

"खालचा मेलाय. वरचा जिता हाय अजून." त्यांनी नखाने गोळा टोकरून बघितला. "ह्ये वरचं लाल हाय न्हवं, ते नुसतं मिरवतंय. राबतंय ते खालचं हिरवं. राबणारा मेल्यावर मिरवणारा किती दिस टिकल?"

मग स्टाफ क्वार्टर्सच्या कुंपणावर चढवलेल्या ड्रॅगनफ्रूटच्या वेलाची वीतभर फांदी त्यांनी तोडून आणली. मला वाटलं, याचा काय संबंध? संबंध असा की, माझ्या कुंडीतला तो हिरवा तिधारी खांब म्हणजे ड्रॅगनफ्रूटच होता! काकांनी फांदीचं टोक सपाट कापलं, गोळ्याचा सडका भाग जाऊन आतलं स्वच्छ मांस दिसेपर्यंत चकत्या काढल्या, दोन्ही काप एकमेकांवर बसवले आणि माझ्याकडच्या जर्नलचं रबरबँड काढून ते आडवं-उभं गुंडाळलं. "पावसात करू न्हाई ह्ये काम. पर मरतंयच, तर बघू." आठ-दहा दिवसांनी रबर काढलं. गोळा चिकटला होता. आज तो माझ्या खिडकीत आहे आणि त्याला बाजूने तीन पिल्लं फुटली आहेत.

त्या दिवसापासून मला या विषयाचं वेड लागलं. केटी लागलेल्या विषयाचा मी कधी एवढा अभ्यास केला नव्हता!

तर मित्रहो, हे लाल डोकं म्हणजे काय? जिम्नोकॅलिशियम मिहानोविची नावाचा एक छोटा निवडुंग दक्षिण अमेरिकेत, पॅराग्वे आणि अर्जेंटिनाच्या भागात झुडपांच्या सावलीत वाढतो. मूळ रंग मळकट, तपकिरी-हिरवा. कोणी वळून बघणार नाही असा. १९४१ मध्ये जपानमधल्या एजी वातानाबे या रोपवाटिकावाल्याला या जातीच्या हजारो रोपांच्या गर्दीत एक-दोन लालसर रोपं दिसली. अशी रोपं सहसा उगवून थोड्याच दिवसांत मरतात. कारण त्यांच्यात हरितद्रव्यच नसतं, म्हणजे स्वतःचं अन्न तयार करायची सोयच नाही. दुसऱ्या कोणी ती उपटून फेकली असती. वातानाबेने ती दुसऱ्या हिरव्या निवडुंगावर कलम केली आणि ती जगली. त्या वाणाला नाव मिळालं 'हिबोतान'. पुढे पिवळे, केशरी, गुलाबी असे भाऊबंद आले, आणि आज दक्षिण कोरिया अशा कलमी निवडुंगांचा मोठा निर्यातदार आहे. तो लाल रंग म्हणजे बीटरूटमध्ये असतो त्याच कुळातलं रंगद्रव्य. ते मूळ झाडातही असतंच. वरचं हिरवं नाहीसं झालं म्हणून दिसू लागलं, इतकंच.

आता इथे आमची चूक कुठे झाली ते बघा. खालचा खुंट ड्रॅगनफ्रूटचा. तो मुळात वाळवंटातला नाहीच, मध्य अमेरिकेकडच्या जंगलातला, झाडांवर चढणारा वेल आहे. वरचा गोळा झुडपांच्या सावलीतला. म्हणजे त्या कुंडीत वाळवंट नव्हतंच कुठे! तरी निम्म्या पोरांनी 'निवडुंग आहे' म्हणून महिना-महिना पाणी दिलं नाही आणि दुपारच्या कडक उन्हात ठेवून गोळा भाजून काढला. उरलेल्यांनी प्रेमाने रोज आंघोळ घातली. आणि कुंडीला खाली भोकच नव्हतं! वरचे पांढरे खडे फेव्हिकॉलसारख्या कशाने तरी चिकटवलेले, त्यामुळे आत ओल आहे की नाही हे कळायचा मार्गही बंद. पाणी निचरायला वाट न ठेवता टाकी बांधली तर सिव्हिलवाले हसतील की नाही? तेच आपण झाडाच्या बाबतीत केलं.

बाजारात याहून वाईट प्रकारही मिळतात. हिरव्या निवडुंगाच्या डोक्यावर गरम गोंदाने वाळकं फूल चिकटवतात आणि 'फुलांसकट' म्हणून विकतात. अख्खं झाड निळ्या, जांभळ्या रंगात बुडवतात. निवडुंगाच्या कुळात खरं निळं फूल नाही, त्यामुळे कोणी निळं फूल दाखवलं तर हसून पुढे जा. रंगवलेल्या झाडाचं अंग रंगाने झाकलं गेलं की त्याला ऊन मिळत नाही, आणि ते हळूहळू उपाशी मरतं.

पण म्हणून सगळेच चित्रविचित्र निवडुंग म्हणजे फसवणूक, असं मला म्हणायचं नाही. उलट! खरी गंमत तिथेच आहे. काही मासलेवाईक नमुने सांगतो.

निवडुंगाच्या शेंड्याला वाढीचा एक बिंदू असतो. कधी कधी, इजा होऊन म्हणा किंवा पेशींतल्या बदलाने म्हणा, त्या बिंदूची रेषा होते. मग खांब सरळ न वाढता पंख्यासारखा, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा पसरतो आणि स्वतःवरच घड्या घालत जातो. यांना क्रिस्टाटा म्हणतात. मॅमिलारिया इलाँगाटाचा असा प्रकार पाहिला तर कोणी मेंदू काढून कुंडीत ठेवलाय असंच वाटतं. ज्यांच्यात वाढीचे बिंदू वाट्टेल तिथे फुटतात ते मॉन्स्ट्रोज. बिंदूची रेषा झाली की काय होतं हे एम-थ्रीच्या पेपरात नाही, पण कुंडीत दिसतं.

दुसरा प्रकार व्हेरिगेटेड. यात एकाच झाडात हिरव्या आणि बिनहिरव्या पेशी पट्ट्यापट्ट्याने नांदतात. थोडं का होईना हिरवं असल्यामुळे हे स्वतःच्या मुळांवर जगू शकतात, पण सावकाश. याला पूर्ण पिवळं पिल्लू फुटलं तर त्याला कलमाशिवाय गत्यंतर नाही, आणि पूर्ण हिरवं फुटलं तर ते काढावं लागतं, नाहीतर ते जोरात वाढून मूळ झाडाला झाकून टाकतं.

तिसरा, माझा सर्वांत लाडका, 'सुपर काबुतो'. ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास हा बिनकाट्याचा, चपटा, आठ फाकांचा निवडुंग. काबुतो म्हणजे जपानी योद्ध्याचं शिरस्त्राण. साध्या झाडावर बारीक पांढरे ठिपके असतात. जपानी संग्राहकांनी मोठ्या, दाट ठिपक्यांची झाडं निवडून, त्यांचा आपसांत संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या चाळत असं झाड काढलं की ते बर्फात लोळून आल्यासारखं दिसतं. याच्याच एका भाऊबंदापासून 'ओन्झुका' निघाला. इथे कलम नाही, गोंद नाही, रंग नाही. फक्त बी, डोळे आणि वर्षं. आणि ज्या जातीपासून हे सगळं निघालं ती जंगली जात टेक्सास आणि ईशान्य मेक्सिकोत आज धोक्यात आहे. अमेरिकेने १९९३ मध्ये तिला संकटग्रस्त म्हणून जाहीर केलं. म्हणजे कुंडीत लाखोंनी, आणि मूळ गावी शोधावं लागतं!

चौथा प्रकार फुलांसाठी केलेले संकर. आपल्याकडे कितीतरी अंगणांत, वाड्यांत जो गोल, खूप पिल्लं देणारा निवडुंग असतो आणि ज्याला संध्याकाळी लांब देठाचं पांढरट-गुलाबी कर्ण्यासारखं फूल येतं, तो एकिनॉप्सिस. कॅलिफोर्नियात हॅरी जॉन्सन यांनी याचे 'पॅरामाउंट' संकर केले, पुढे हंटिंग्टन उद्यानात बॉब शिक यांनी केले. लाल, केशरी, दुरंगी, वीतभर रुंदीची फुलं! एका दिवसाची, पण काय दिवस!

आणि पाचवा नमुना तुमच्या घरीच असेल. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो, जे श्रावणाच्या आसपास रात्री फुलतं आणि ज्याची आई शेजाऱ्यांना उठवून पूजा करते, तो एक निवडुंग आहे! एपिफायलम ऑक्सिपेटालम. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळंच, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. आपल्या ब्रह्मकमळाची जी पानं वाटतात ती पानं नव्हेत, चपटे झालेले देठ आहेत. त्याच्याच गोतावळ्यातून युरोपात एकोणिसाव्या शतकापासून शेकड्याने रंगीत संकर झाले. म्हणजे ज्या कुळाला आपण 'विदेशी फॅड' म्हणतो ते आपल्या तुळशीशेजारी केव्हाचं बसलंय.

आता 'कसं करायचं' याकडे वळू. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा, कारण सगळं इथेच अडतं.

पहिली गोष्ट, कुंडी. भोक हवंच. वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीन आहे, विचारून घ्या. श्रीखंडाचा डबा, दह्याचा कप, काहीही चालतं.

दुसरी, माती. मी दोन भाग विटेचा चुरा, एक भाग पोयटा माती आणि कुजलेला पालापाचोळा मिळून घेतो. चुरा चाळून घ्यायचा. सिव्हिलच्या मित्राकडून चाळण्या मागा: ४.७५ मिलिमीटरमधून पडलेला आणि २.३६ वर अडकलेला माल आपला. बारीक धूळ फेकून द्यायची, कारण ती पाणी धरून ठेवते. ड्रॅगनफ्रूटच्या खुंटाला पालापाचोळा थोडा जास्त चालतो.

तिसरी, पाणी. भरपूर द्यायचं, खालून निघेपर्यंत, आणि मग माती पूर्ण सुकेपर्यंत परत द्यायचं नाही. 'दर रविवारी दोन चमचे' हा प्रकार बंद. लाल डोक्याच्या कलमी निवडुंगाला उन्हाळ्यात महिनाभर कोरडं ठेवू नका. पावसाळ्यात मात्र सगळे निवडुंग छपराखाली, वारा लागेल असे ठेवायचे. आपल्याकडे निवडुंग उन्हाने कमी आणि जुलैने जास्त मरतात.

चौथी, ऊन. लाल-पिवळ्या गोळ्यांना सकाळचं कोवळं ऊन पुरे. एकिनॉप्सिसला चार-पाच तास ऊन हवं, नाहीतर फूल विसरा. नर्सरीतल्या जाळीखालून आणलेलं झाड थेट गच्चीवर ठेवू नका. आपणही सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर पळत नाही.

आता कलम. फेब्रुवारी ते मे हा काळ उत्तम, हवा कोरडी असते. धारदार ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या. खुंट सपाट कापा आणि त्याच्या कडा तासून उतरत्या करा, म्हणजे सुकताना मधला भाग खड्ड्यासारखा आत जाणार नाही. कापावर मधोमध एक वर्तुळ दिसतं, ते अन्नपाण्याच्या नळ्यांचं. वरच्या गोळ्यालाही तसंच असतं. दोन्ही वर्तुळं एकमेकांना कुठेतरी छेदली पाहिजेत, सगळी मेख इथे आहे. पाइप जोडताना फ्लँजची भोकं जुळवतो तसंच! काप सुकायच्या आत जोडा, दाबून हवा काढा, रबरबँड लावा. आठवडाभर सावलीत, कापावर पाणी नाही. रबर काढल्यावर गोळा हलला नाही तर जमलं.

माझी पहिली पाच कलमं फुकट गेली, कारण मी शहाणपणा केला. कॉलेजच्या मागच्या कुंपणाला तिधारी निवडुंग आहे. म्हटलं, तिधारी तर तिधारी, ड्रॅगनफ्रूटसारखाच दिसतो! कापल्याबरोबर पांढरा चीक भळाभळा. तो मुळी निवडुंगाच्या कुळातलाच नाही, शेर आणि थोराच्या कुळातला आहे. मराठीत आपण दोघांनाही 'निवडुंग' म्हणतो आणि फसतो. कुळ वेगळं असेल तर कलम बसत नाही. शिवाय तो चीक डोळ्यात गेला तर दवाखान्यात पळावं लागतं. मी फक्त हात चोळत बसलो, नशीब!

आणि खुंट कुठून आणायचा? आमच्या रूममधला एक जण सांगली जिल्ह्यातला, जत तालुक्यातला. त्यांच्याकडे ड्रॅगनफ्रूटची बाग आहे, सिमेंटच्या खांबांवर चढवलेली. छाटणीनंतर फांद्यांचे ढीग बांधावर पडतात. दिवाळीनंतर येताना त्याने पोतंभर फांद्या आणल्या. एसटीच्या कंडक्टरने विचारलं, "काय हाय रं यात?" हा म्हणाला, "अभ्यास." वीत-वीतभर तुकडे करून, आठ दिवस काप सुकवून मातीत खोचले की महिनाभरात मुळं धरतात. खर्च शून्य. एक मात्र लक्षात ठेवा: ड्रॅगनफ्रूटचा खुंट जोरात वाढवतो, पण काही वर्षांनी थकतो. तो थकला की डोकं उतरवून नव्या खुंटावर बसवायचं. म्हणजे 'हे झाड दोन-तीन वर्षांत मरतंच' हे अर्धसत्य आहे. मरतो तो खुंट. कोणी लक्ष ठेवलं तर वरचा गोळा पुढे जात राहतो. त्या १९४१ च्या रोपाचा वंश असाच, एका खुंटावरून दुसऱ्या खुंटावर, इथपर्यंत आलाय.

शेवटची पायरी संकराची. यात माझी पुन्हा फजिती. होस्टेलच्या दारात एकिनॉप्सिसच्या दोन कुंड्या आहेत. गेल्या मार्चमध्ये दोन्हीला एकाच रात्री फुलं आली. मी रात्री अकराला टॉर्च आणि ड्रॉइंगचा ब्रश घेऊन एकाचा पराग दुसऱ्याला लावला. रेक्टर सरांनी हटकलं, त्यांना काय सांगावं कळेना. फळ काही धरलं नाही. नंतर कळलं की दोन्ही कुंड्या एकाच आईची पिल्लं. कुंड्या दोन, झाड एकच! आणि एकिनॉप्सिस सहसा स्वतःच्याच परागाने फळत नाही. एप्रिलमध्ये पुन्हा फूल आलं तेव्हा मी दुसऱ्या झाडाचा पराग आणला: लाल फुलाचा, शेंगदाण्याएवढ्या बोटांचा एक छोटा भाऊबंद आहे, त्याचा. ते फूल दिवसा उमलतं आणि आमचं रात्री. म्हणून पराग कागदाच्या पुडीत, पुडी बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलसोबत डबीत, आणि डबी मेसच्या फ्रीजमध्ये ठेवली. वर चिठ्ठी: 'खाऊ नये'.

या वेळी फळ धरलं. पिकून तडकल्यावर बिया धुऊन सुकवल्या. प्रेशर कुकरमध्ये वाफवलेल्या बारीक मातीवर नुसत्या पसरल्या, वरून माती टाकली नाही, आणि पारदर्शक झाकण लावून उजेडात पण उन्हाबाहेर ठेवल्या. आठवड्याभरात हिरवे ठिपके दिसू लागले. झाकण एकदम काढायचं नाही, रोज थोडं थोडं सरकवायचं. आज तेवीस रोपं आहेत, हरभऱ्याएवढी. प्रत्येकाचं फूल वेगळं असणार, कारण आई-बापच मिश्र रक्ताचे. कोणतं कसं, ते फुलल्याशिवाय कळणार नाही; आणि त्याला अजून तीनेक वर्षं लागतील.

इथे चिठ्ठीचं महत्त्व सांगतो. संकर केलेल्या रोपाला 'आई कोण, बाप कोण, तारीख काय' ही चिठ्ठी नसेल तर त्याचा पुढे कोणाला उपयोग नाही. नवीन वाणाचं नाव अवतरणचिन्हात लिहायचं, संकराला × लावायचा, असे जगभर पाळले जाणारे नियम आहेत. ते नखरे नाहीत, ते ड्रॉइंगवरच्या टायटल ब्लॉकसारखे आहेत. टायटल ब्लॉक नसलेली शीट सर परत करतात की नाही?

आता काही जण म्हणतील, "एवढ्या खटाटोपापेक्षा दीडशे रुपयांत तयार मिळतं, ते घेतलं तर बिघडलं काय? मेलं तर दुसरं आणू." बरोबर आहे, पैशाने फार बिघडत नाही. शिवाय या लाल डोक्यांमुळे जंगल उजाड होतंय असंही नाही. वन्य प्रजातींच्या व्यापारावरचा साइटीस नावाचा १९७३ चा करार आहे, त्यात बहुतेक सगळं निवडुंगकुळ येतं. पण रोपवाटिकेत कलम केलेल्या बिनहरितद्रव्याच्या मिहानोविचीला त्यात सूट आहे, कारण तो जंगलातून येतच नाही. इथपर्यंत विकणाऱ्याची बाजू मला मान्य.

पण दोन गोष्टी बिघडतात. एक, सवय. आज कपातला लाल गोळा, उद्या मोबाइलवर कोणीतरी 'रेअर' म्हणून दाखवलेलं ॲस्ट्रोफायटम. ते रोपवाटिकेतलं की डोंगरातून उपटलेलं, हे विचारायची सवयच नसेल तर आपण विचारणार नाही. ॲस्टेरियास त्या कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे, आणि २०२२ मध्ये आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीने या यादीतल्या प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या. म्हणून बिल आणि कागद मागा. आणि शक्य असेल तर झाड मागूच नका, रोपवाटिकेतलं बी मागा.

दुसरी गोष्ट जास्त जवळची. आपण इंजिनिअर होणार म्हणतो. एखादी वस्तू का चालते आणि का बंद पडली, हे बघणं हेच आपलं काम. चौदा झाडं मेली आणि अख्ख्या विंगमध्ये कोणी एकदाही विचारलं नाही की का मेली. मीही नाही. ते विचारलं सातवी पास माळीकाकांनी, पिंपात हात घालून. मला त्या दिवशी लाज वाटली ती याची.

म्हणून माझा प्रस्ताव. यंदा फेस्टला निवडुंगाची ऑर्डर देऊ नये. त्याऐवजी गच्चीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, एक लोखंडी रॅक आणि वर एक पत्रा मिळावा. स्क्रॅपयार्डमध्ये दोन्ही पडून आहेत. जतची पोती येतच राहतील. माझ्या लाल गोळ्याची तीन पिल्लं पहिली कलमं म्हणून मी देतो. माळीकाकांनी महिन्यातून एक शनिवार शिकवायचं कबूल केलंय. त्यांना त्याचं मानधन कॉलेजने द्यावं, चहावर भागवू नये. यंदा पाहुण्यांना पाचच कलमं देता येतील कदाचित. पाच द्या. पण सोबत चिठ्ठी द्या: कोणी केलं, कधी केलं, पाणी कसं घालायचं आणि खुंट थकला तर काय करायचं.

राहता राहिली माझी तेवीस रोपं. ती फुलतील तेव्हा मी इथे नसेन. कुठल्या कंपनीत, कुठल्या गावात, देव जाणे. घरी नेता आली असती, पण आमच्या गावी पाऊस फार आणि अंगण नाही. त्यामुळे ती इथेच ठेवून जातोय, बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेच्या खिडकीत. प्रत्येकाला चिठ्ठी आहे. फर्स्ट इयरला आलेल्या कोणाला हवी असतील तर परीक्षेच्या आधी येऊन भेटावं. एकच अट आहे. फूल आलं की रंग लिहून ठेवायचा, आणि मला फोटो पाठवायचा.

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)